मेहुण्याचं इंजिन आणि माझे हात

३ मार्च, रविवार

वार्षिक शर्यतीला सात आठवडे.

आज मेहुण्याने नवं इंजिन आणून टेबलावर ठेवलं. बंद खोका, सील शाबूत. मुठीत मावेल एवढं. रिमोटवर पळणाऱ्या गाडीचं, नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारं. मोटारसायकलवाल्यांना याबद्दल सांगितलं तर ते हसतात. मग सुरू करून दाखवलं की कानांवर हात ठेवतात.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. ती त्याला छोटू म्हणते. पंचेचाळिशी आली, टक्कल पडलं, तरी छोटूच. आमची जोडी अशी की ट्रॅकच्या कडेला उंच ओटा असतो, त्यावर रिमोट घेऊन तो उभा राहतो आणि गाडी पळवतो. खाली पिटमध्ये मी. इंधन भरायचं, बंद पडली तर सुरू करायची आणि मुख्य म्हणजे इंजिन बघायचं. इंजिन हा विषय पूर्णपणे माझा. कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, कुणाच्या हाताखाली राहिलो नाही. क्लबात हे सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलेलं आहे.

मेहुणा म्हणाला, भावोजी, तीन वर्षं झाली, आपली गाडी तासाभराची शर्यत पुरी करत नाही. यंदा शेवटपर्यंत धावली पाहिजे. नाहीतर मी सरळ बॅटरीच्या गाड्यांत जातो. मी म्हणालो, बॅटरीच्या गाडीला पिटमध्ये माणूस लागतच नाही. तो म्हणाला, हो ना. आणि चहाचा कप उचलला.

अट घातली आहे. पुस्तिकेत लिहिलंय तसं हळूहळू रुळवायचं, पण उघडायचं नाही. हातात हात घेऊन शब्द मागितला. दिला. शब्द म्हणजे शब्द.

संकल्प: यंदा हात लावायचा नाही. फक्त निरीक्षण.

४ मार्च, सोमवार. सकाळी ६:४०

उघडलं.

शब्द मोडला असं म्हणता येणार नाही. उघडायचं नाही याचा अर्थ बदल करायचा नाही, असा होतो. बघायला काय हरकत आहे? डॉक्टरसुद्धा आधी आ करायला सांगतो.

आणि बघितलं ते बरं झालं. पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो तिला लायनर म्हणतात. पिस्टन वर सरकवला की लायनरच्या तोंडाशी अडकतो. शेवटचा केसभर भाग अंगठ्याने ढकलावा लागतो, मग टक् असा आवाज येतो. एवढी मोठी कंपनी आणि पिस्टन नळीत नीट बसत नाही! पुस्तिका उघडली. त्यात लिहिलंय की नव्या इंजिनात वरच्या टोकाला घट्टपणा असतो, तो दोष समजू नये. म्हणजे नव्या बुटांच्या खोक्यात चिठ्ठी घालायची, की पायाला फोड आले तर तो दोष समजू नये.

बंद करून ठेवलं. आता कामावर निघतोय. दिवसभर तो टक् डोक्यात राहणार.

७ मार्च, गुरुवार

माझं काम चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत. फ्रेमच्या मापाने काचा घासायच्या आणि बसवायच्या. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची काच निसटलेली नाही. (एकाची निसटली. त्याचं नाक वाकडं होतं.)

दुकानात काचांच्या पॉलिशची पांढरी पेस्ट असते. हाताला लागत नाही इतकी बारीक. मालकांकडे डबीभर मागितली. म्हणाले, कशाला? म्हटलं, संशोधन. म्हणाले, न्या, पण डबी परत आणा.

संध्याकाळी पिस्टनला पेस्ट लावून लायनरमध्ये वर-खाली, वर-खाली. बायकोने विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, कंपनीने अर्धवट सोडलेलं काम पुरं करतोय. ती म्हणाली, मागे मिक्सरचंही कंपनीने अर्धवट सोडलं होतं. तुम्ही पुरं केलंत. तेव्हापासून मी हाताने वाटतेय.

घासत राहिलो. बोललं की लय बिघडते.

तासाभरात टक् गेला. आता पिस्टन लोण्यासारखा सरकतो. लायनर उलटा धरला तर आपोआप खाली घरंगळतो. असं काम कारखान्यात होत नाही. आतून आरसा आहे, आरसा.

१० मार्च, रविवार

बाल्कनीत रुळवायला घेतलं. नवं इंजिन गार असताना एकदम सुरू करत नाहीत, आधी गरम करतात. बायकोचा केस वाळवायचा ड्रायर वापरला. मग स्टँडवर बसवून एक टाकी, थंड होऊ द्यायचं, पुन्हा एक टाकी.

खालचे हेडमास्तर वर आले. निवृत्त झालेत, पण चेहरा अजून शाळेतच आहे. म्हणाले, हे किती वेळ चालणार? म्हटलं, आज फक्त पहिला टप्पा. ते दारातल्या स्टुलावर बसले. म्हणाले, मी कुत्र्यांच्या वेळी तक्रार केली नाही, ड्रिलच्या वेळी केली नाही. याला काय म्हणायचं तेच मला कळत नाहीये, म्हणून तक्रार लिहिता येत नाही. पाणी दिलं. प्यायले आणि गेले. सुसंस्कृत माणूस.

दुपारी मेहुणा आला. इंजिन हातात घेऊन त्याचं छोटं चाक अंगठ्याने फिरवलं. म्हणाला, भावोजी, नवं इंजिन हाताने फिरत नाही म्हणतात. हे तर पंख्यासारखं फिरतंय. म्हटलं, चांगल्या हातांत पडलंय. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, उघडलं नाही ना? म्हटलं, बंदच आहे की, बघ.

खोटं बोललो नाही. त्या वेळी बंदच होतं.

१२ मार्च, मंगळवार

बायकोच्या ऑफिसात तिच्या शेजारची विचारत होती, तू हल्ली कुठलं तेल लावतेस? ड्रायरमधून इंधनाचा वास येतो म्हणे. मला तो वास येत नाही. मला तर बरा वाटतो.

संकल्प: ड्रायर स्वतःचा घ्यायचा. केस नसले तरी.

१५ मार्च, शुक्रवार

झोप नीट नाही. डोक्यात सारखं येतं की आणखी थोडा जोर मिळेल.

इंजिनाच्या डोक्याखाली तांब्याच्या पातळ चकत्या असतात. एक काढली की आतली जागा कमी होते, दाब वाढतो, जोर वाढतो. साधं गणित आहे. एक काढली. काढलीच आहे तर दुसरीही काढली.

पहिला प्लग जळाला. हा प्लग म्हणजे आत तापून इंधन पेटवणारी तार. तार बारीक असते, ती तुटते. दुसरा लावला, तोही जळाला. हल्ली प्लगचा दर्जाच राहिलेला नाही. तिसरा टिकला, कारण मी एक चकती परत घातली. पण ती प्लगमुळे नाही, मलाच तसं वाटलं म्हणून.

१७ मार्च, रविवार

नोंद करण्यासारखा दिवस!

पहिली ट्रॅक चाचणी. गाडी खाली ठेवली आणि ती सुटली ती सुटलीच. पहिली फेरी, दुसरी फेरी, मागे निळा धूर, आवाज असा की माझ्या अंगावर काटा आला. ओट्यावरून मेहुणा ओरडला, भावोजी, काय पळतेय! सगळ्या क्लबासमोर. डेंटिस्टच्या गाडीला सरळ भागात मागे टाकलं.

डेंटिस्ट म्हणजे आमचा गेल्या वर्षीचा विजेता. त्याचं इंजिन तीन वर्षांत एकदाही उघडलेलं नाही आणि हे तो अभिमानाने सांगतो. म्हणजे मी कधी पुस्तक उघडलं नाही, असं सांगण्यासारखं आहे.

तिसऱ्या फेरीनंतर इंजिन बंद पडलं. गरम झालं होतं. थंड झाल्यावर पुन्हा एका फटक्यात सुरू. पुन्हा दोन सुंदर फेऱ्या. पुन्हा बंद. आज हवा दमट होती. शिवाय इंधनाचा डबा जुना.

मेहुण्याला म्हटलं, नाजूक इंजिन आहे, विश्रांती मागतं. तो म्हणाला, शर्यत तासाची आहे. म्हटलं, रुळेल. तो म्हणाला, रुळवलंय ना आपण? म्हटलं, चांगलं इंजिन उशिरा रुळतं.

परत येताना गाडीत गाणी लावली नाहीत. पण ती दोन फेऱ्यांची आठवण पुरेशी होती. काय पळतेय, म्हणाला. मी ऐकलं.

१९ मार्च, मंगळवार

विषय सुईचा आहे. सुई म्हणजे एक छोटा स्क्रू, इंधन किती जाणार ते तो ठरवतो. आत घेतला की इंधन कमी, वेग जास्त, ताप जास्त. बाहेर काढला की उलट. सगळा खेळ एक अष्टमांश फेरीचा. मी कानाने ठरवतो. डेंटिस्ट तापमान मोजायचं पिस्तूल लावतो. भाषा येत नसली की शब्दकोश लागतो.

एक अष्टमांश आत घेतली. मग पाव बाहेर. मग एक अष्टमांश आत. जेवायला बसलो तेव्हा वाटलं, अजून किंचित. उठून आलो. बायको म्हणाली, आज जेवण कोण जेवतंय? परत जाऊन बसलो.

संकल्प: आजपासून सुईला हात नाही.

२० मार्च, बुधवार

एक अष्टमांश बाहेर. हे मोजायचं नाही, कालचं अपुरं राहिलेलं होतं.

२४ मार्च, रविवार

दुसरी चाचणी. थंड असताना अप्रतिम. गरम झाल्यावर तेच. पिटमध्ये इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा दुखतोय.

डेंटिस्ट स्वतःहून आला. मागितलं नव्हतं. वाकून इंजिनाचं चाक फिरवलं आणि हळूच म्हणाला, हे तर सैल आहे. वरचा घट्टपणा गेलाय. मग लहान मुलाला समजवावं तसं समजावलं, की लायनर गरम झाला की फुगतो आणि मोठा होतो. म्हणून तो गार असताना मुद्दाम घट्ट ठेवतात, म्हणजे गरम झाल्यावर बरोबर बसतो. तो घट्टपणा म्हणजेच इंजिन, बाकी सगळं त्याच्याभोवती बांधलेलं असतं. मग विचारलं, नवं आहे ना, इतक्यात कसा गेला? मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. मी गाडीचं पुढचं चाक तपासत होतो.

म्हटलं, डॉक्टर, दुखतंय कुठे ते बघून मग सांगावं, आधीच काय काढायचं ते ठरवू नये. तो हसला. म्हणाला, गरज पडली तर माझ्याकडे एक जास्तीचं इंजिन आहे, खोक्यातलं, द्यायला हरकत नाही. मेहुणा म्हणाला, बघतो हं. मी म्हटलं, गरज नाही.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. लोकांना वाटतं मला दिसत नाही.

२७ मार्च, बुधवार

घट्टपणाची कल्पना मला पटलेली नाही. पण मेहुण्याचं समाधान व्हावं म्हणून तो परत आणायचं ठरवलं.

लायनरचं वरचं टोक किंचित दाबलं की झालं. दुकानातल्या पकडीत, मऊ कापडात गुंडाळून, जेवणाच्या सुट्टीत. काच असती तर मी डोळे मिटून केलं असतं. धातू हट्टी असतो. आधी काहीच झालं नाही. मग थोडं झालं. मग जरा जास्त झालं.

आता पिस्टन एका बाजूला अडकतो आणि उरलेल्या बाजूंनी सैल आहे. म्हणजे सरासरी बरोबर आहे.

पुन्हा पेस्ट. अडकणारी बाजू घासून काढली.

मालकांनी विचारलं, डबी कुठाय?

३१ मार्च, रविवार

ट्रॅकवर गेलो नाही. मेहुणा घरी आला. म्हणाला, भावोजी, डेंटिस्टचं इंजिन घेऊ या का? शर्यतीपुरतं. आहे तसं लावू, आहे तसं परत देऊ. तुम्ही पिटमध्ये असालच.

म्हटलं, दुसऱ्याचं इंजिन लावायचं तर मग मी पिटमध्ये करायचं काय? इंधन ओतायला कुणीही चालेल.

तो म्हणाला, भावोजी, इंधन ओतायलाही कुणीतरी लागतंच की.

मी म्हटलं, माझ्यावर विश्वास आहे की नाही ते सांग.

त्याने इंजिन हातात घेतलं, परत खाली ठेवलं. मग म्हणाला, आहे. आणि आत जाऊन ताईशी गप्पा मारत बसला. हसण्याचे आवाज येत होते. मी बाहेर बसून सुई किंचित आत घेतली.

९ एप्रिल, मंगळवार

हात स्वस्थ बसत नाहीत. दाराची कडी घट्ट केली. पंख्याची पाती साफ केली, आता पंखा हलतो. टीव्हीच्या रिमोटची बटणं काढून धुतली. आवाजाचं बटण परत बसलं नाही. तसा आवाज मोठाच बरा.

हेडमास्तर जिन्यात भेटले. म्हणाले, हल्ली तुमचं ते वाजत नाही. बरं आहे ना? म्हटलं, शर्यतीआधी विश्रांती देतोय. म्हणाले, शहाणपणाचं आहे. आणि असे उतरले जणू वार्षिक निकाल लागला.

१३ एप्रिल, शनिवार

मोठा शोध. थंड असताना इंजिन एका फटक्यात सुरू होतं, याबद्दल वाद नाही. शर्यत सकाळी लवकर आहे. सकाळी गार असतं. म्हणजे जी अडचण आहे असं सगळे म्हणतात, ती शर्यतीच्या वेळी नसणारच आहे.

मेहुण्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, हं.

२० एप्रिल, शनिवार. रात्री

सामान भरलं. प्लग, दोरी, इंधन, कापड, ड्रायर. (बायकोने ड्रायर दिला. म्हणाली, आता तो तुमचाच आहे.)

डबा बांधताना ती म्हणाली, त्याला खरं सांगा. काय खरं, म्हटलं. ती म्हणाली, उघडलं ते. आज दुपारी फोन करून सांगा, डेंटिस्टचं इंजिन लावू दे. अजून वेळ आहे. आणि म्हणाली, छोटू गाडीसाठी नाही चालवत हो, तुमच्यासाठी चालवतो. त्याला ओट्यावर उभं राहून कंटाळा येतो. मला म्हणालाय.

हे नवीनच. मेहुण्याला कंटाळा येतो? त्याचा गैरसमज झाला असेल. तिचा झाला असेल. शर्यतीच्या आदल्या दिवशी असलं काही बोलू नये एवढंसुद्धा हिला कळत नाही.

फोन हातात घेतला होता. मग वाटलं, सुई एकदा बघून घेऊ, मग करू. सुई बघण्यात संध्याकाळ झाली. आता तो जेवत असेल.

२१ एप्रिल, रविवार. सकाळी ६:३०

पिटमध्ये आहे. हवा गार! मी म्हटलंच होतं. मेहुण्याने येताना माझ्यासाठी टोपी आणली. तशीच त्याच्या डोक्यावर. दोघांना एकसारखी. उन्हात उभं राहायचं असतं म्हणून, म्हणाला.

इंजिन एका फटक्यात सुरू.

२१ एप्रिल, रविवार. संध्याकाळी

लिहायला बसलोय खरा.

सुरुवात उत्तम झाली. पहिल्या फेरीला आम्ही दुसरे. दुसऱ्या फेरीला डेंटिस्टच्या शेपटीला. मग ऊन आलं. एवढ्या लवकर ऊन येईल याचा अंदाज हवामानवाल्यांनाही नव्हता.

वळणावर बंद पडली. कोपऱ्यातल्या माणसाने उचलून पिटमध्ये आणून दिली. दोरी ओढली. ओढली. ओट्यावरून मेहुणा विचारत होता, भावोजी, काय झालं? म्हटलं, काही नाही, झालंच. ओल्या कापडाने इंजिन गार केलं, सुरू झालं, दोन फेऱ्या, बंद. पुन्हा उचलून आणली. ज्याने आणली तो म्हणाला, काका, हिला इथेच ठेवा ना, माझी कंबर वाचेल.

मग मेहुण्याने विचारायचं थांबवलं.

बाकी गाड्या समोरून जात होत्या. प्रत्येकीचा आवाज वेगळा असतो, मला सगळ्या ओळखू येतात. मी दोरी ओढत होतो. शेवटी दोरीच हातात आली. वर बघितलं तर तो ओट्यावर तसाच उभा, रिमोट हातात, नजर रिकाम्या ट्रॅककडे. गाडी नव्हती तरी पूर्ण तासभर उभा राहिला. म्हणजे मी कधीही सुरू करीन या आशेवर. की आणखी कशासाठी, ते विचारलं नाही.

खाली आल्यावर म्हणाला, चला भावोजी, आधी खाऊन घेऊ.

घरी आल्यावर त्यानेच जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि इंजिन उघडलं. मी काही बोलणार तोपर्यंत लायनर त्याच्या हातात. खिडकीकडे धरून आत बघितलं. बराच वेळ बघत होता. आतून आरसाच आहे तो, त्याला स्वतःचा चेहरा दिसला असणार. मग बाहेरच्या बाजूला पकडीचे दात उमटले होते, त्यांवरून बोट फिरवलं.

म्हणाला, भावोजी, हे चष्म्याचं पॉलिश ना?

म्हटलं, फिनिश बघ काय आलंय.

तो म्हणाला, हो. छान आलंय.

लायनर खाली ठेवला, हात पुसले, ताईला सांगून गेला. चहा घेतला नाही. रागावला असता तर समजावता आलं असतं.

२८ एप्रिल, रविवार

सकाळी सवयीने सहाला उठलो. डबा भरला. मग डबा घरीच खाल्ला.

फोन आला नाही. कामात असेल.

५ मे, रविवार

मेहुण्याने बॅटरीची गाडी घेतली. बायकोकडून कळलं. तिलाही त्याने सहज सांगितलं म्हणे. मी म्हटलं, करमणूक म्हणून ठीक आहे. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. काही दिवसांत कंटाळेल. इंजिनाची सर येणार नाही हे त्याला कळायला एक-दोन आठवडे द्यायला हवेत.

त्याला फोन केला. म्हटलं, मोटर उघडून बघू का एकदा? आत तांब्याचे वेढे असतात, थोडं काही करता येईल. तो पटकन म्हणाला, नको नको. मग म्हणाला, ती बंदच असते भावोजी, उघडतच नाही. कंपनीनेच तशी केलीय.

कंपन्यांना हल्ली माणसावर विश्वास राहिलेला नाही.

८ मे, बुधवार

दुकानात तीन फ्रेमा एकाच दिवशी परत आल्या. काचा जास्त घासल्या गेल्या होत्या, बसत नव्हत्या. मालकांनी पेस्टची डबी आपल्या टेबलाच्या खणात ठेवली.

१२ मे, रविवार

बायको म्हणाली, घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा ट्रॅकवर जा. म्हटलं, बोलावलेलं नाही. ती म्हणाली, तुम्हाला कधी कुणी बोलावलं होतं? मग चप्पल शोधून दिली.

गेलो. मेहुणा ओट्यावर होता. मला बघून हात केला, मनापासून. पिटमध्ये त्याच्या जागेवर गाडी नाही, माणूस नाही, फक्त एक चार्जर दिव्याची उघडझाप करत बसलेला. मी त्याच्याजवळ उभा राहिलो. दिवा हिरवा झाला. काही करायचं नव्हतं.

क्लबच्या सेक्रेटरीने विचारलं, मोकळे आहात का? कोपऱ्यावर एक माणूस कमी आहे. वळणावर गाडी उलटली की सरळ करून सोडायची, एवढंच काम. म्हटलं, करतो. अनुभवी नजरेची गरज असतेच.

संकल्प: सरळ करायची आणि सोडायची.

१९ मे, रविवार

आज पूर्ण दिवस ट्रॅकवर काम.

तिसऱ्या हीटमध्ये, म्हणजे छोट्या शर्यतीत, डेंटिस्टची गाडी माझ्या कोपऱ्यावर उलटली. चाकं वर, इंजिन चालूच. धावत जाऊन उचलली. सरळ केली. सोडणारच होतो. पण कानाशी आली तेव्हा आवाज किंचित जाड वाटला. खिशात छोटा पेचकस होता, तो नेहमीच असतो. एक अष्टमांश. त्याहून कमीच. त्याच्या भल्यासाठी. तीन वर्षांत त्या सुईला कुणी मायेने हात लावला नव्हता.

अर्धी फेरी अशी काही पळाली की बस्स! मग बंद पडली.

डेंटिस्ट ओट्यावरून काय ओरडला ते वाऱ्यामुळे नीट कळलं नाही. सेक्रेटरी चालत आले. खिसे रिकामे करायला सांगितले. सगळ्यांसमोर. पेचकस त्यांनी ठेवून घेतला. मला वाटलं घरी पाठवतात. तेवढ्यात मेहुणा ओट्यावरून खाली आला. स्वतःची हीट जवळ आलेली असताना. सेक्रेटरीला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. हात जोडलेले दिसले. मग माझ्याकडे आला, माझी टोपी वाकडी झाली होती ती नीट केली आणि म्हणाला, भावोजी, थांबा तुम्ही. जायचं नाही. फक्त हात मागे ठेवा.

म्हणजे माझ्याशिवाय भागत नाही.

जागा मात्र बदलली. आता मला मधल्या लांब सरळ भागावर उभं केलं आहे. सेक्रेटरी म्हणाले, तिथे लक्ष ठेवा. वेग सगळ्यात जास्त तिथेच असतो, तेव्हा जबाबदारीची जागा आहे. मेहुण्याची गाडी दर फेरीला माझ्या पुढ्यातून गेली, अजिबात आवाज न करता. मी तयारीत होतो. शेवटपर्यंत वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, तयारीत होतो.

सरळ भागात गाड्या उलटत नाहीत.